डाग कुठला आणि आज्जी कुठली

फोटो एडिटिंग म्हटलं की आमच्या बेळगावात आधी फ्लेक्स डोळ्यासमोर येतो. वाढदिवस, गणपती, शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक, निवडणूक, आणि कुणी गेलं तर गल्लीच्या तोंडाशी भावपूर्ण श्रद्धांजली. चेहरे सगळे एकाच रंगाचे. जन्मभर रताळ्याच्या शेतात उन्हातान्हात राबलेला माणूस, पण फ्लेक्सवर गोरापान, कपाळावर आठी नाही, गालावर रेघ नाही, डोळ्याखाली काळं नाही. घरच्यांनी तसं सांगितलेलं असतं असंही नाही, फोटो दिला की ते होऊनच येतं, इतकं ते अंगवळणी पडलंय. त्यामुळे एडिटिंग शिकायचं म्हणजे हे असलं काहीतरी शिकायचं असं पोरांना वाटतं आणि मोठ्या माणसांना त्यात काही रसच वाटत नाही. मला वाटतं ही विद्या खरी कामाची आहे ती घरातल्या मोठ्या माणसांनाच, आणि तीही फुकटच्या सॉफ्टवेअरवर, घरी बसून, एका जुन्या लॅपटॉपवर शिकता येते.

आमचं मूळ गाव खानापूर तालुक्यातलं, जांबोटीच्या बाजूचं. तिकडचा पाऊस ज्यांना माहीत आहे त्यांना जुन्या फोटोंचं काय होतं हे सांगायला नको. जून ते सप्टेंबर भिंतीला ओल, कपाटातल्या कपड्यांना वास, आणि ट्रंकेतल्या फोटोंवर बुरशीचे पांढुरके ठिपके. फ्रेममधले फोटो काचेला चिकटून बसलेले. काही फोटो पिवळे पडलेत, काहींच्या कोपऱ्याला कसर लागलीय. आमच्या पिढीकडे या सगळ्याचं एकच औषध आहे, मोबाईल काढायचा, फोटोचा फोटो घ्यायचा आणि घरच्या ग्रुपवर टाकायचा.

तसाच एकदा आज्जीचा फोटो ग्रुपवर आला, पण नुसता आला नाही, चुलतभावानं तो कुठल्याशा अ‍ॅपमध्ये घालून क्लिअर करून पाठवला होता. एक बटण दाबलं की जुना फोटो नवा. सगळ्यांनी हात जोडलेले, फुलं, मस्तच आहे वगैरे. मी तो आत्याला दाखवला. आत्या आज्जीची थोरली लेक, आता नव्वदीच्या जवळपास आहे पण नजर चांगली आहे. तिनं मोबाईल हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला आणि मला विचारलं, "ही कोण गे?"

मी म्हटलं, आत्या, आज्जी की.

"आई न्हवं ही. हनुवटीवरचं गोंदण कुठं गेलं मग?"

खरंच नव्हतं. मूळ फोटो काढून बघितला तर हनुवटीवर तीन ठिपके होते, फिकट झालेले, पण होते. अ‍ॅपनं ते डाग समजून पुसले होते. गालावरचे देवीचे वण पुसले होते. डावी पापणी जरा मिटल्यासारखी होती ती उघडून दोन्ही डोळे सारखे केले होते, नाक थोडं सरळ केलं होतं, आणि ओठांना एक हसू दिलं होतं जे मूळ फोटोत कुठंच नव्हतं. फोटो बघायला छान होता, त्यातली बाई पण छान होती, फक्त ती आमची आज्जी नव्हती.

यात त्या अ‍ॅपला बोल लावण्यासारखं काही नाही, ते चालतंच तसं. फोटो धूसर असला तर त्यात जी माहिती नाहीच ती कुठून आणणार? मग त्याला लाखो चेहरे दाखवून शिकवलेलं असतं, त्यावरून अंदाज करून ते रिकाम्या जागा भरतं. अंदाज चांगला असतो म्हणून तर फोटो इतका खरा वाटतो. पण तो कुठल्यातरी चेहऱ्यांचा सरासरी अंदाज असतो, आणि आपल्या माणसाची ओळख तर त्या सरासरीत न बसणाऱ्या गोष्टींतच असते, गोंदणात, वणात, एका बाजूला झुकलेल्या खांद्यात. कुठला ठिपका बुरशीचा आणि कुठला गोंदणाचा हे कॉम्प्युटरला कळायचं काही कारणच नाही. ते आत्याला कळतं. म्हणून माझं म्हणणं असं की जुने फोटो दुरुस्त करायचं काम घरातच व्हायला पाहिजे, ज्यानं त्या माणसाला बघितलंय त्याच्या शेजारी बसून व्हायला पाहिजे, आणि त्यासाठी लागणारं एडिटिंग इतकं प्राथमिक आहे की कुणालाही जमतं.

मी वापरते ते गिंप नावाचं फोटो एडिटिंगचं सॉफ्टवेअर. १९९५ साली अमेरिकेत बर्कलेच्या विद्यापीठात स्पेन्सर किंबॉल आणि पीटर मॅटिस या दोन विद्यार्थ्यांनी ते करायला घेतलं, १९९६ ला लोकांसाठी बाहेर आलं, आणि तेव्हापासून आजपर्यंत जगभरातली माणसं त्यावर काम करतायत. मार्च २०२५ मध्ये त्याची ३.० आवृत्ती आली, त्यात लेयरवर (फोटोची पानं एकावर एक ठेवलेली असतात, त्यातल्या एका पानावर) लावलेला इफेक्ट नंतरही बदलता येतो, म्हणजे एकदा केलं की कायमचं झालं असं राहिलं नाही. जीपीएल लायसन्सखाली आहे, म्हणजे पैसे नाहीत, महिन्याची वर्गणी नाही, लॉगिन नाही, नेट बंद असलं तरी चालतं आणि उद्या कुणी काढून घेईल अशी भीती नाही. आमच्याकडे पावसाळ्यात नेटचं काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळे नेटशिवाय चालणं ही मला फार मोठी गोष्ट वाटते. ज्यांच्याकडे कॉम्प्युटर नाही त्यांनी मोबाईलवर गूगलचं स्नॅपसीड घ्यावं, ते पण फुकट आहे आणि त्यात हीलिंग (डाग काढणं), क्रॉप (कडा कापणं), कर्व्ज (उजेड कमी-जास्त करणं) सगळं आहे. आणि कुणाला काही इन्स्टॉल करायचंच नसेल तर ब्राउझरमध्ये चालणारं फोटोपी आहे, ते जाहिराती दाखवतं पण काम नीट करतं आणि फाइल आपल्याच कॉम्प्युटरवर राहते. खाली मी गिंपबद्दल बोलते, पण साधनं सगळीकडे तीच आहेत, नावं सुद्धा बहुतेक तीच.

आधी फोटो कॉम्प्युटरमध्ये नीट घ्यायचा. अर्धं काम इथंच होतं आणि याच कामाला लोक सगळ्यात कमी वेळ देतात. स्कॅनर असेल तर ६०० डीपीआयला (इंचाला ६०० ठिपके) स्कॅन करा, म्हणजे ३ बाय ४ इंचाच्या फोटोची १८०० बाय २४०० पिक्सेलची (ठिपक्यांची) फाइल होते, मोठी प्रिंट काढायला पुरते. फोटो काळा-पांढरा असला तरी स्कॅन कलरमध्येच करायचा, का ते पुढं सांगते. स्कॅनर नसेल तर मोबाईल चालतो, पण फ्लॅश बंद, ट्यूबलाइट बंद, आणि फोटो खिडकीजवळ टेबलावर सपाट ठेवून मोबाईल त्याला बरोबर समांतर धरायचा. यासाठी आमच्याकडचा पावसाळी उजेड म्हणजे देणगीच आहे, ढगांतून सगळीकडून सारखा येणारा, सावली नाही, चमक नाही. स्टुडिओवाले ज्या मऊ लाइटसाठी छत्र्या लावतात तो आपल्याला जुलैत खिडकीत फुकट मिळतो. फोटो काचेला चिकटला असेल तर ओढून काढू नका, वरचा थर काचेबरोबर सुटून येतो आणि मग काही म्हणजे काही करता येत नाही. काचेसकटच फोटो काढा, मोबाईलच्या मागं काळं कापड धरा, कापडाला मोबाईलच्या कॅमेऱ्यापुरतं भोक पाडा, म्हणजे काचेत तुमचं प्रतिबिंब दिसत नाही. आणि ही फाइल कुणाकडून व्हॉट्सअ‍ॅपवर मागवायची असेल तर फोटो म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा, नाहीतर ती वाटेत बारीक होऊन येते.

फाइल गिंपमध्ये उघडली की पहिलं काम, लेयर मेन्यूतून लेयर डुप्लिकेट करा. खालचा मूळ लेयर तसाच राहू दे, त्याला हात लावायचा नाही, जे काय करायचं ते वरच्यावर. मग वरच्या लेयरचा डोळा बंद-चालू केला की आधी काय होतं आणि आता काय झालंय ते क्षणात दिसतं, आणि आपण कुठं वाहवत चाललोय ते पण दिसतं. दुसरं म्हणजे गिंपमध्ये सेव्ह केलं की एक्ससीएफ नावाची फाइल होते, त्यात सगळे लेयर राहतात. जेपेग, म्हणजे नेहमीची फोटोची फाइल, पाहिजे असेल तर एक्सपोर्ट करायला लागतं. नवीन लोक इथं वैतागतात, पण हा फरक फार शहाणपणाचा आहे. जेपेग दर वेळी सेव्ह करताना फोटोचे ८ बाय ८ पिक्सेलचे चौकोन करून त्यातली थोडी माहिती टाकून देतं, पुन्हा उघडून पुन्हा सेव्ह केलं की पुन्हा थोडी जाते. म्हणून काम चालू आहे तोवर एक्ससीएफ, काम झालं की शेवटी एकदाच जेपेग.

क्रॉपबद्दल थोडंच सांगते. फोटो वाकडा असेल तर सरळ करा, बाहेरची टेबलाची कड कापा, बास. आतलं काही कापू नका. लोकांना वाटतं चेहरा मोठा दिसावा म्हणून बाकीचं कापून टाकावं. पण मागचा स्टुडिओचा रंगवलेला पडदा, खुर्चीचा हात, कोपऱ्यात अर्धवट आलेलं कुणाचं तरी पोर, टेबलावर मुद्दाम ठेवलेला रेडिओ, हे सगळं त्या घराचंच आहे. त्या अर्धवट आलेल्या पोराला आज कुणीतरी आजोबा म्हणत असेल.

आता लेव्हल्स. मला विचाराल तर नवीन माणसानं एकच गोष्ट शिकायची असेल तर ही शिकावी. कलर्स मेन्यूत लेव्हल्स उघडलं की एक डोंगरासारखा आलेख दिसतो, त्याला हिस्टोग्राम म्हणतात. डावीकडे ० म्हणजे पूर्ण काळा, उजवीकडे २५५ म्हणजे पूर्ण पांढरा, आणि फोटोत कुठल्या उजेडाचे किती पिक्सेल आहेत ते त्या डोंगराच्या उंचीवरून कळतं. चांगल्या फोटोत डोंगर साधारण या टोकापासून त्या टोकापर्यंत पसरलेला असतो. उडालेल्या फोटोत तो मधेच गोळा झालेला असतो, दोन्ही टोकं रिकामी. म्हणजे फोटोत खरा काळा पण नाही आणि खरा पांढरा पण नाही, सगळं करडं, पाणी घातलेल्या ताकासारखं. खाली तीन बारीक त्रिकोण असतात. काळा त्रिकोण डोंगर जिथं सुरू होतो तिथवर आणायचा, पांढरा जिथं संपतो तिथवर. आणि बघा काय होतं ते. पदराचा काठ दिसायला लागतो. मागच्या भिंतीवरचा कोनाडा दिसायला लागतो. काही नवीन घातलेलं नाही, जे होतं तेच पसरून मांडलं, आणि माणूस पन्नास वर्षं जवळ आला असं वाटतं.

पण इथं हात आवरायला लागतो. पांढरा त्रिकोण जरा जास्त आत घेतला की फोटो एकदम उठावदार दिसतो आणि मोह होतो, पण त्याच वेळी पांढऱ्या कपड्यांतल्या घड्या जातात. आज्जी पांढरं पातळ नेसलेली आहे, त्या पातळाच्या निऱ्या फोटोत जेमतेम दिसतात, त्रिकोण आणखी थोडा सरकवला की निऱ्या जाऊन एक पांढरा पट्टा उरतो. म्हणून मी नजर चेहऱ्यावर ठेवतच नाही, पातळावर ठेवते, तिथल्या घड्या हलल्या की थांबते. मधला करडा त्रिकोण चेहऱ्याच्या उजेडासाठी. तो डावीकडे नेला की सगळं उजळतं, आणि आमच्याकडे सगळा घोटाळा याच त्रिकोणावर होतो, कारण उजळतं ते गोरं होईपर्यंत नेलं जातं. आज्जी काळीसावळी होती. आत्या काळीसावळी आहे. मी आत्याचा हात लॅपटॉपच्या स्क्रीनशेजारी धरायला सांगितला आणि तिच्या मनगटाकडे बघत तो त्रिकोण लावला. मला यापेक्षा चांगलं मोजमाप माहीत नाही.

पिवळे पडलेले काळे-पांढरे फोटो कलरमध्ये का स्कॅन करायचे ते आता. पिवळा डाग निळा उजेड खातो आणि लाल उजेड बराचसा जाऊ देतो. कलर फोटो म्हणजे लाल, हिरवा आणि निळा असे तीन थर, त्यातल्या निळ्या थरात पिवळे डाग सगळ्यात काळे दिसतात आणि लाल थरात जवळजवळ दिसतच नाहीत. गिंपमध्ये कलर्सच्या कंपोनंट्समध्ये एक्स्ट्रॅक्ट कंपोनंट आहे, तिथून फक्त लाल थर काढून घेतला की चहाचे, पाण्याचे, म्हातारपणाचे निम्मे डाग एका क्लिकमध्ये जातात, आणि खऱ्या गोष्टीला धक्का लागत नाही. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला फार आनंद झाला होता. स्कॅनच काळ्या-पांढऱ्यात केलं असतं तर हे थर मिळालेच नसते.

मग उरतात ते ठिपके, चिरा, बुरशी. त्यासाठी हीलिंग टूल, कीबोर्डवर एच. कंट्रोल दाबून डागाच्या शेजारच्या स्वच्छ जागेवर क्लिक करायचं, म्हणजे तिथला पोत घेतला जातो, मग डागावर क्लिक केलं की तो पोत तिथल्या रंगाशी जुळवून बसवला जातो. ब्रश डागापेक्षा जरासाच मोठा, आणि लांब ओढायचं नाही, एकेक क्लिक. दर थोड्या वेळानं नमुन्याची जागा बदलायची, नाहीतर तोच तोच पोत पुन्हा दिसून नक्षी झाल्यासारखं होतं. गालावर, भिंतीवर, आभाळात हीलिंग छान चालतं. पण काठापाशी, म्हणजे केस आणि कपाळ जिथं मिळतात किंवा पदराच्या कडेला, ते रंग फासल्यासारखं करतं, तिथं क्लोन टूल घ्यायचं, ते जुळवत बसत नाही, जसंच्या तसं उचलून ठेवतं.

हे सगळं कुणालाही एका दुपारी जमतं. अवघड काय आहे तर काय पुसायचं ते ठरवणं. मी आत्याला शेजारी बसवलं, फोटो मोठा केला आणि एकेक ठिपका दाखवत गेले. आज्जीच्या गालावर बुरशीचे ठिपके आणि देवीचे वण एकमेकांत इतके मिसळलेले होते की मला तर सगळे सारखेच दिसत होते. आत्या बोट ठेवून सांगायची, "हे काढ. हे न्हवं, हे देवीचं. आई सांगायची, लहानपणी देवी आल्यात्या, वाचली म्हणून गावदेवीला खण लावलं आज्ज्यानं." भारतात देवीचा शेवटचा रुग्ण १९७५ ला सापडला, त्यानंतर हा रोगच गेला, माझ्या मुलांनी असे वण असलेला माणूस बघितलेला नाही. ते मी पुसले असते तर आज्जीच्या चेहऱ्याबरोबर तिचं ते वाचणं पण गेलं असतं. एका ठिपक्यावर आत्या अडली. जवळ घेऊन बघितलं, चष्मा पुसून बघितलं, मग म्हणाली ऱ्हाऊ दे. तो राहिलाय. माझा नियम तोच झालाय आता, खात्री नसेल तर ठेवायचं. ठेवलेला डाग उद्या काढता येतो.

फोटोवर हात फिरवणं हे काही कॉम्प्युटरबरोबर आलेलं नाही, हे पण सांगायला पाहिजे. जुने स्टुडिओवाले निगेटिव्हवर बारीक पेन्सिलीनं सुरकुत्या भरायचे, काळ्या-पांढऱ्या प्रिंटवर हातानं रंग द्यायचे, गालाला गुलाबी, काठाला हिरवा. असे हातानं रंगवलेले फोटो तुमच्याकडे असतील तर ते रंग तसेच ठेवा, तो त्या काळचा हात आहे, त्याचा नुसता लाल थर घेऊन काळा-पांढरा करू नका.

पण काळ्या-पांढऱ्या फोटोला आज अ‍ॅपमधून रंग भरायची जी पद्धत आलीय तिच्याबद्दल मला खरोखर काळजी वाटते. मराठा लाइट इन्फंट्रीचं रेजिमेंटल सेंटर १९२२ पासून बेळगावात आहे, त्यामुळे आमच्या भागात गावागावात भिंतीवर एकतरी गणवेशातला फोटो असतोच. आमच्याकडे थोरल्या आजोबांचा आहे. ते दुसऱ्या महायुद्धात इटलीत होते. छातीवर डाव्या खिशावर रिबनची पट्टी आहे. इटली स्टार म्हणजे तिथं लढलेल्यांना मिळालेलं पदक, त्याच्या रिबनला लाल, पांढरा, हिरवा, पांढरा, लाल असे पट्टे असतात, त्या देशाच्या झेंड्याचे रंग. काळ्या-पांढऱ्या फोटोत लाल आणि हिरवा दोन्ही करडेच. अ‍ॅपनं ती रिबन निळी-तपकिरी केली, कारण त्याला पाच करडे पट्टे दिसले, तो माणूस कुठं लढला हे दिसलं नाही. घरात ज्यांना माहीत आहे ते आज आहेत, अजून वीस वर्षांनी नातवाच्या हातात तो रंगीत फोटो आला तर तो निळी रिबन शोधत बसेल. कुंकवाचं पण तसंच. जुन्या ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मला लाल रंग दिसायचाच नाही, म्हणून त्या काळच्या बऱ्याच फोटोंत कपाळावरचं कुंकू काळंभोर दिसतं. अ‍ॅप त्याला कधी काळी टिकली करतं, कधी तीळ. रंग भरायचेच असतील तर वेगळा लेयर घेऊन, माहितगाराला विचारून, हातानं भरा, आणि मूळ काळा-पांढरा फोटो नेहमी बरोबर ठेवा.

सत्तर-ऐंशीच्या दशकातले कलर फोटो हे वेगळं प्रकरण. अल्बममध्ये, ट्रंकेत अंधारात राहिलेल्या त्या प्रिंटमधला सायन (हिरवट निळा) रंग आधी उडतो आणि सगळं लग्न तांबडं दिसायला लागतं. इथं पुन्हा लेव्हल्सच, पण वर चॅनेल (म्हणजे मघाचे ते रंगांचे थर) लिहिलंय त्या जागी आधी लाल निवडायचा, मग हिरवा, मग निळा, आणि प्रत्येकाचे दोन्ही त्रिकोण त्याच्या त्याच्या डोंगराच्या टोकांना लावायचे. लाल चॅनेलचा डोंगर उजवीकडे सरकलेला दिसेल, त्याचा काळा त्रिकोण आत आणला की हॉलमधला हिरवा रंग अचानक परत येतो, आंब्याच्या पानांचं तोरण हिरवं होतं. सगळे रंग परत येत नाहीत. जो रंग कागदावरून पूर्ण गेला तो कुठलंच सॉफ्टवेअर आणू शकत नाही, थोडा तांबूसपणा राहिला तर राहू दे.

शार्पनिंग, म्हणजे कडा धारदार करणं, मी जवळजवळ करत नाही. धूसर आहे ते धूसर आहे.

नावं मात्र लिहायचीच. फोटोवर नाही, फोटोखाली. इमेज मेन्यूतून कॅनव्हास साइज वाढवून खाली पांढरी पट्टी घ्यायची आणि त्यावर टेक्स्ट टूलनं लिहायचं. मी दोन्ही लिपींत लिहिते, मराठी आणि कन्नड. आत्याची लेक गोकाककडे दिलीय, तिची नातवंडं कन्नड शाळेत जातात, घरात मराठी बोलतात पण वाचताना कन्नड भराभर वाचतात. पणजीचं नाव त्यांना वाचता आलं पाहिजे. युनिकोडमध्ये टाइप केलं तर गिंपमध्ये दोन्ही लिपींची जोडाक्षरं नीट येतात, फक्त प्रिंटिंग प्रेसच्या जुन्या बिगर-युनिकोड फॉन्टमधला मजकूर आणून चिकटवू नका, तो कचरा दिसतो. फॉन्ट पण फुकटचेच, नोटो सॅन्स देवनागरी आणि नोटो सॅन्स कन्नड एकमेकांशेजारी चांगले दिसतात, किंवा जरा गोलसर पाहिजे असेल तर बालू, त्याचा कन्नड भाऊ बालू तम्मा. नाव, नातं, गाव, साल माहीत असेल तर साल.

एवढं जमलं की बाकीची रोजची कामं आपोआप जमतात. भाच्याच्या नोकरीच्या फॉर्मला ३५ बाय ४५ मिलिमीटरचा फोटो पाहिजे, ३०० डीपीआयला तो ४१३ बाय ५३१ पिक्सेल होतो, इमेज मेन्यूतल्या स्केल इमेजमध्ये आकडे घातले की झालं. फाइल ५० केबीच्या आत पाहिजे असेल तर जेपेग एक्सपोर्ट करताना प्रिव्ह्यूवर टिक करा, क्वालिटीची पट्टी सरकवली की साइज तिथंच दिसते. दर फॉर्मला सायबर कॅफेत पैसे मोजायचं कारण नाही.

शेवटी प्रिंट. ४ बाय ६ इंचाला १२०० बाय १८०० पिक्सेल लागतात, ८ बाय १० ला २४०० बाय ३०००. लॅबमध्ये फाइल पेन ड्राइव्हवर द्या आणि तोंडानं स्पष्ट सांगा की दादा, ऑटो करेक्शन बंद ठेवा, ब्राइट करू नका, आहे तसा काढा. हे सांगितलं नाही तर एवढं सगळं करून घेतलेला सावळा रंग तिथं मशीनमध्ये उडतो. ते एकदा विचारतात, वैनी थोडा उजळ करूया की, चांगला दिसेल. नको म्हणायचं, आणि शक्य असेल तर पहिली प्रिंट निघेपर्यंत तिथंच थांबायचं. मॅट पेपर घ्या. फ्रेम करताना फोटो आणि काच यांच्यामध्ये जाड कागदाचा माउंट घालायला सांगा म्हणजे पुन्हा चिकटणार नाही, फ्रेमच्या मागं चारी कोपऱ्यांना बुचाचे तुकडे लावा म्हणजे भिंत आणि फ्रेम यांच्यात हवा खेळते, आणि पावसाची झड ज्या भिंतीला लागते ती भिंत सोडून दुसऱ्या भिंतीला लावा.